दिवसा काढलेल्या रात्री : दीपगृहांच्या छायाचित्रणाविषयी

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला दीपस्तंभ परिचयाचा असतो. ज्ञानेश्वर दीपस्तंभ असतात, तुकाराम असतात, महात्मा फुले असतात. निरोपसमारंभाच्या दिवशी निवृत्त होणारे विभागप्रमुखही असतात. या दीपस्तंभाला कधी वारा लागत नाही, त्याच्या काचेवर मीठ साचत नाही, आणि त्याच्या आत कोणी माणूस राहत असेल, त्याला रात्री दोन वाजता उठून वात पाहावी लागत असेल, अशी शंकाही निबंधकाराच्या मनाला शिवत नाही. उपमा वापरून वापरून गुळगुळीत झाली म्हणजे तिच्यातली वस्तू प्रथम जाते. त्या वस्तूकडे परत जाण्याचा एक मार्ग छायाचित्रांतून जातो असे आम्हां दोघांना बरेच दिवस वाटत आले आहे. त्या वाटेवर जे सापडले त्यातले काही येथे मांडतो. (देवळापुढच्या दीपमाळेलाही गोव्याकडे दीपस्तंभच म्हणतात, घोटाळा नको म्हणून यापुढे आम्ही 'दीपगृह' हाच शब्द वापरू.)

आरंभी स्वतःची फजिती सांगून मोकळे होतो. 2003 च्या आषाढात, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, आम्ही उसना कॅमेरा आणि छत्तीस चित्रांचा एक रोळ घेऊन कोकणातल्या एका दीपगृहासमोरच्या सड्यावर जाऊन बसलो होतो. पाऊस थांबून थांबून येत होता. समोर चार झोत संथपणे फिरत होते आणि दर वेळी पावसाची एक सर उजळून विझत होती. ते दृश्य जसेच्या तसे उतरवायचे एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. दहा दहा सेकंद झडप उघडी ठेवून आम्ही चित्रे घेतली. अधूनमधून, काही उमगेनासे झाले म्हणजे, फ्लॅशही उडवला. तासाभराने दीपगृहाकडून एक विजेरी हलत हलत आमच्याकडे येऊ लागली. रेनकोट घातलेले साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ धापा टाकीत आले आणि म्हणाले, "काय झालं रे पोरांनो? कुणाला लागलं का?" खडकावर कोणीतरी उजेड दाखवून हाक मारते आहे असे त्यांना वरून वाटले होते. आम्ही शरमून म्हटले, "काका, फोटो काढतोय." ते काही वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वरचा उजेड फोटोत येत नाही. पुष्कळांनी करून पाहिलंय." आणि भिजत परत गेले. तालुक्याच्या गावी रोळ धुवायला दिला, तेव्हा स्टुडिओवाल्याने अकराच चित्रे हातात ठेवली. बाकीचे 'आले नाहीत'. जे आले होते त्यांत झोत नव्हते; काळ्या कागदावर दुधाचा थेंब सांडावा तसा पांढुरका डाग होता.

ते काका जे बोलले ते छायाचित्रणाच्या इतिहासाच्या निम्म्या भागापर्यंत शब्दशः खरे होते, हे आम्हांला बऱ्याच वर्षांनी कळले.

दीपगृह आणि वादळ यांची जोडी छायाचित्रकारांनी जुळवलेली नाही. ती त्यांना चित्रकारांकडून आयती मिळाली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, भरतीला पूर्ण बुडणाऱ्या खडकावर उभारलेले बेल रॉक हे दीपगृह 1 फेब्रुवारी 1811 रोजी उजळले. त्याचे अभियंते रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधकामाचा वृत्तान्त 1824 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि मुखचित्रासाठी टर्नरकडून एक जलरंगचित्र करवून घेतले होते. चित्र 1819 चे. लाटा बुरुजाच्या अंगावर चढून आलेल्या, आकाश फाटलेले, गलबते कलंडलेली. मात्र टर्नर त्या खडकावर कधी गेलाच नाही. दुसऱ्याने काढून दिलेल्या रेखाटनांवरून त्याने इमारत घेतली आणि हवामान पदरचे घातले. चित्रकाराला ही मुभा होती, कोणी त्याला खोटारडा म्हटले नाही. पण वीस वर्षांनी, 1839 मध्ये, पॅरिसमध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले आणि 'जे समोर होते तेच उतरले' असा दावा करणारी एक कला जन्माला आली. ते वादळ तिला हवे होते. मुभा तिला नव्हती.

अडचण साधी आणि मोठी होती. 1851 पासून प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या रंगाला अतिशय हळव्या असत. समुद्र नीट उतरेपर्यंत झडप उघडी ठेवावी तर तेवढ्यात आकाश जळून कोरे पांढरे होई. आकाशासाठी लवकर मिटावी तर खालचा समुद्र काळोखात जाई. त्यातून काच ओली असतानाच तिला रसायन लावणे, ती कॅमेऱ्यात घालणे आणि धुऊन काढणे हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे किनाऱ्यावर तंबू, पाणी, बाटल्या यांचा संसार न्यायचा, आणि वारा सुटला की तोच संसार सावरीत बसायचे. बदलते हवामान टिपायला निघालेल्या माणसाला बदलते हवामानच काम करू देत नसे.

यातून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1856 ते 1858 या काळात जी सागरचित्रे काढली त्यांनी लंडन आणि पॅरिस थक्क झाले. त्यांतल्या एका चित्रात ल हाव्र बंदराचा धक्का आणि त्याच्या टोकाचे दीपगृह आहे. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते 1856 चे एका गलबताचे चित्र. काळसर पाणी, मध्ये एकटे गलबत, ढगांच्या कडा उजळलेल्या, आणि पाण्यावर रुपेरी पट्टा. ते 'चांदण्यातले गलबत' या नावाने गाजले. चांदणे त्यात नव्हतेच. ल ग्रेने कॅमेरा सूर्याच्या दिशेने धरला होता. ढगाआडचा सूर्य आणि पाण्यावरची चकाकी इतकी प्रखर की झडप क्षणात मिटावी लागली, आणि उरलेले सारे काळोखात गेले. भर दिवसाची रात्र झाली. आज आपण पाहतो त्या समुद्रावरच्या 'रात्रीच्या' आद्य चित्रांपैकी हे एक, आणि ते दुपारचे आहे!

काही चित्रांत ल ग्रेने आणखी एक पाऊल टाकले. समुद्राची काच वेगळी, आकाशाची वेगळी. छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवायच्या. तेच ते आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवर वापरलेले अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. यावर नाक मुरडण्याआधी थांबावे असे आम्हांला वाटते. उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाला समुद्र आणि आकाश एकाच वेळी दिसतातच. काचेला दिसत नव्हते. ल ग्रे दोन असत्ये जोडून डोळ्याचे सत्य परत मिळवू पाहत होता. शिवाय त्याची किंमतही त्याने मोजली. पॅरिसमधला व्यवसाय बुडाला, 1860 मध्ये त्याने फ्रान्स सोडले, आणि कैरोत चित्रकला शिकवत 1884 मध्ये तो वारला.

त्यानंतरचा माणूस अधिक ओळखीचा आहे, पण भलत्याच कारणासाठी. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे 1878 मध्ये चित्रांनी सिद्ध करणारा एडवर्ड मायब्रिज चलच्चित्रांच्या प्रत्येक इतिहासात भेटतो. त्याच्या सात वर्षे आधी, 1871 मध्ये, अमेरिकेच्या सरकारी दीपगृह मंडळाने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या दीपगृहांची छायाचित्रे घेण्याचे काम त्याला दिले होते. म्हणजे कामाचे स्वरूप कारकुनी : सरकारने काय बांधले, कोठे बांधले, कसे उभे आहे, याची नोंद. मायब्रिजचा स्वभाव मात्र नोंदीत रमणारा नव्हता. आकाश जळू नये म्हणून काचेचा वरचा भाग आधी झाकणारे एक साधन त्याने बनवले होते आणि 1869 मध्ये त्याची माहितीही छापली होती. तरीही भागले नाही तर तो वेगळ्या काचेवरचे ढग आणून बसवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराची त्याची 'चांदण्यातली' चित्रेही ल ग्रेप्रमाणे सूर्यप्रकाशातलीच.

त्याने टिपलेल्या दीपगृहांपैकी पॉइंट रेज येथले दीपगृह तेव्हा नवे होते. डिसेंबर 1870 मध्ये पहिल्यांदा पेटलेले. हे ठिकाण उत्तर अमेरिकेतील अत्यंत धुकट स्थळांपैकी एक समजले जाते. सहसा दीपगृह उंचावर बांधतात. येथे ते मुद्दाम कड्याच्या पोटात, माथ्याच्या बरेच खाली बांधले, कारण माथ्यावर धुके बसलेले असते आणि खालून खलाशाला उजेड दिसण्याचा संभव अधिक. रखवालदाराने तीनशेहून अधिक पायऱ्या उतरून कामावर जायचे, आणि वाऱ्याशी झगडत तेवढ्याच चढून घरी यायचे. ज्या धुक्यामुळे ही इमारत तेथे आणि तशी आहे, ते धुके मायब्रिजच्या चित्रात नाही. कसे असणार? धुके पडलेल्या दिवशी काचेवर करडे काहीही न उतरते. म्हणून चित्र निरभ्र दिवसाचे. दीपगृहांच्या जुन्या चित्रसंग्रहांत सगळीकडे ऊन पडलेले असते ते याचमुळे, आणि हा संग्रह पाहणाऱ्याला प्रश्न पडावा की एवढ्या प्रसन्न किनाऱ्यावर दिव्याची गरज ती काय!

खरी रात्र छायाचित्रात यायला 1880 च्या दशकातल्या कोरड्या जिलेटिनच्या काचा यावे लागल्या. काच ओली ठेवण्याची घाई संपली. झडप उघडी टाकून माणूस शांतपणे उभा राहू शकला. 1890 च्या दशकात लंडनमध्ये पॉल मार्टिनने आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लित्झने रात्रीचे रस्ते टिपले ते याच बळावर. पण दिवा चौकटीत आला की नवे संकट उभे राही. दिव्याचा प्रकाश रसायनाचा थर भेदून काचेच्या पाठीवर आपटे आणि परत फिरून दिव्याभोवती धुरकट प्रभामंडळ उमटवी. काचेच्या पाठीला काळा लेप देऊन ते कमी करावे लागे. रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याची ही कथा; मग अनेक कोसांवरून दिसण्यासाठीच जन्मलेल्या प्रकाशाचे काय होत असेल?

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ऑगस्तँ फ्रेनेल यांचे भिंग बसले. त्यांनी जाडजूड भिंगाऐवजी कड्याकड्यांनी रचलेली काचेची चौकट केली. एरवी चहूकडे उधळला जाणारा उजेड ती गोळा करून एका दिशेला सरळ रेषेत पाठवी. अशा चौकटी दिव्याभोवती फिरत्या ठेवल्या की दूरच्या खलाशाला ठराविक अंतराने लखलखाट दिसतो, आणि त्या अंतरावरून कोणते दीपगृह हे ओळखता येते. आता चार चौकटींचे भिंग चाळीस सेकंदांत एक फेरी करते असे धरू. खलाशाला दर दहा सेकंदांनी एक लखलखाट दिसेल. कॅमेरा दहा सेकंद उघडा ठेवला तर तेवढ्या वेळात चार झोत मिळून आकाशाचा कण न् कण एकदा पुसून जातात, आणि चित्रात झोत न उरता सर्वत्र सारखी पांढुरकी साय पसरते. आमचा दुधाचा थेंब तो हाच. चाकाच्या आऱ्यांसारखे झोत वेगळे दिसायला हवेत तर झडप सेकंदाभरात मिटली पाहिजे. तेवढ्यातही प्रत्येक झोत नऊ अंश सरकलेला असतो. आणि एका सेकंदात फिल्मवर खडक, समुद्र, इमारत यांपैकी काहीच उमटत नसे. वेळ वाढवावा तर फिल्म त्या प्रमाणात दाद देत नाही, मंद उजेडात ती आळसावते. 1900 च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी ताऱ्यांची चित्रे घेताना हे तपासून गणितात मांडले होते. डोळा झोत पाहतो आणि खडकही पाहतो. फिल्मला एक निवडावे लागे. अंकीय कॅमेऱ्यांच्या संवेदकांनी ही कोंडी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फोडली.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या सड्यावर बसलो असताना आमच्या ध्यानात यायला हवी होती. झोत स्वतः कधीच दिसत नाही. दिसतात ते त्याच्या वाटेत आलेले पाण्याचे कण. कोरड्या, स्वच्छ हवेच्या रात्री दीपगृहाखाली उभे राहा. वर दिवा फिरत असतो आणि आकाश काळेच राहते. तुषार हवेत, विरळ धुके हवे, सर हवी. दाट धुके झाले की पुन्हा सारे संपले; मग उजेड भिंतीवर आदळावा तसा जवळच थबकतो, आणि खलाशाला कानांवर, भोंग्यावर विसंबावे लागते. दिव्याचे छायाचित्र म्हणून आपण जे पाहतो ते एका विशिष्ट हवामानाचे, धड बरे नाही आणि धड वाईटही नाही अशा हवेचे छायाचित्र असते.

एवढे सांगून झाल्यावर हे सांगायला हवे की जगातल्या सर्वांत गाजलेल्या दीपगृहचित्रात ना रात्र आहे, ना झोत.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या टोकाला वेसाँ नावाचे बेट आहे. इंग्रज खलाशी त्याला 'अशंट' म्हणतात. मराठी कानाला तो शब्द 'अशांत' असा ऐकू येतो आणि समुद्राचे वर्तन पाहता तो चूक नाही. 1896 च्या जून महिन्यात 'ड्रमंड कॅसल' हे जहाज याच भागात खडकावर आपटून बुडाले आणि जवळपास अडीचशे प्रवासी-खलाशांपैकी तिघेच वाचले. बेटाजवळच्या ला झ्युमाँ या खडकावर दीपगृह उभे राहिले ते पोत्राँ नावाच्या एका सद्गृहस्थाच्या मृत्युपत्रामुळे. त्याने चार लाख फ्रँक ठेवले, पण सात वर्षांत काम पुरे न झाल्यास पैसे दुसरीकडे जातील अशी अट घातली. 1904 मध्ये काम सुरू झाले, 1911 मध्ये दिवा लागला. घाईचे काम घाईसारखेच झाले : वादळात बुरुज थरथरू लागला, आणि त्याला काँक्रीटने व पोलादी दोरांनी खडकाशी जखडण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

21 डिसेंबर 1989 रोजी मोठे वादळ चालून आले असताना ज्याँ गिशार हा छायाचित्रकार हेलिकॉप्टरमधून या दीपगृहावर गेला. आत रखवालदार होते. लाटांनी खिडक्या फोडल्या होत्या, पाणी आत शिरले होते, आणि सुटकेची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते. त्यांपैकी तेओदोर मालगोर्न याला हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू आला. आपल्याला न्यायला आले असे समजून तो खाली उतरला आणि दार उघडून बाहेर आला. त्याच क्षणी मागून आलेली प्रचंड लाट बुरुजाला दोन्ही अंगांनी कवेत घेत वर उसळली. गिशारने ती मालिकाच टिपली. चित्रात बुरुजाच्या पायथ्याशी, उघड्या दारात, खिशात हात घालून उभा असल्यासारखा इवलासा माणूस दिसतो. लाट जवळ येत असल्याचे उमगताच तो आत शिरला आणि दार लावण्यापुरता वेळ त्याला मिळाला. तो वाचला.

या चित्राविषयी आम्हां दोघांत वाद आहे आणि तो मिटलेला नाही. एकाचे म्हणणे असे, की मालगोर्न बाहेर आला तो हेलिकॉप्टरमुळे. ते हेलिकॉप्टर सुटकेचे नव्हते, चित्राचे होते. चित्रकार नसता तर चित्रातला प्रसंगच नसता. टर्नरने वादळ पदरचे घातले, मायब्रिजने ढग. गिशारने, नकळत का होईना, माणूस घातला, आणि तो माणूस खरा होता. दुसऱ्याचे म्हणणे, की हा न्याय कठोर आहे. गिशारला आत काय चालले आहे हे वरून कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्या चित्रामुळेच या लोकांच्या कामाची जगाला कल्पना आली. यावर पहिला दुसऱ्याला आषाढातल्या त्या काकांची आठवण करून देतो. दुसरा गप्प बसतो. पण पटले म्हणून नव्हे.

हे चित्र पुढे लाखो भित्तिपत्रकांवर गेले. आम्ही ते एका कार्यालयात पाहिले आहे, खाली धैर्याविषयीचे एक वाक्य छापलेले. माणसाचे नाव नव्हते. आपला निबंधातला दीपस्तंभ असाच तयार होतो.

नाव सांगणारा, आतून पाहणारा असा एक लेखक मात्र याच समुद्राने दिला. आर्मेन हे दीपगृह वेसाँच्या दक्षिणेला, सेन बेटापलीकडच्या एका खडकावर आहे. 1867 मध्ये त्याचे काम सुरू झाले तेव्हा पहिल्या वर्षात कामगारांना केवळ सात वेळा खडकावर उतरता आले आणि एकूण आठ तास काम झाले. पुरे व्हायला 1881 उजाडले. ज्याँ-प्येर अब्राहम हा तरुण 1960 च्या दशकाच्या आरंभी तेथे रखवालदार होता आणि 1967 मध्ये 'आर्मेन' हे त्याचे पुस्तक आले. त्यात पराक्रम जवळजवळ नाही. पितळ घासणे आहे, दिवा सांभाळणे आहे, सोबत्याशी बोलण्याचे आणि न बोलण्याचे दिवस आहेत, थंडी आहे, भीती आहे. सोबत नेलेल्या मोजक्या पुस्तकांत व्हर्मीरच्या चित्रांचे एक आहे. खिडकीतून येणाऱ्या शांत दिवसाच्या उजेडाची ती चित्रे, आणि ती पाहणारा माणूस रात्रभर दुसऱ्यांसाठी उजेड करणारा! छायाचित्रांच्या या साऱ्या इतिहासात आम्हांला दीपगृहाचे जे अंतरंग मिळाले नाही ते या पुस्तकाने दिले, हे कबूल केले पाहिजे. आमचा मूळ समज, की छायाचित्र आपल्याला वस्तूकडे परत नेते, त्यामुळे जरा डळमळीत झाला आहे.

दरम्यान वस्तूच बदलली. आर्मेन 1990 मध्ये स्वयंचलित झाले. ब्रिटनमधली शेवटची रखवालदारांची दीपगृहे 1998 मध्ये रिकामी झाली. अनेक ठिकाणी फिरती भिंगे काढून एलईडीचे दिवे बसले आहेत. ते चहूकडे एकदम उघडझाप करतात, झोत फिरतच नाहीत. कॅमेरे झोत टिपण्याइतके सक्षम झाले त्याच सुमारास झोत नाहीसे होऊ लागले.

ला झ्युमाँवरचे शेवटचे रखवालदार 1991 मध्ये उतरले. हिवाळ्यातले मोठे वादळ आले की छायाचित्रकार अजूनही त्याच्याकडे वळतात, आणि लाटा तशाच बुरुज कवेत घेताना चित्रांत दिसतात. पायथ्याचे दार बंद असते.